जिन्यावरची सर्वसाधारण सभा

तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की मुदतबाई. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माणसाला नाव पडायचंच असेल तर ते नाकावरून किंवा चालीवरून पडण्यापेक्षा कामावरून पडलेलं केव्हाही बरं, असं तिचं म्हणणं. आणि काम तरी काय, तर कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर बसायचं आणि ज्या कंपनीने वर्षाचं विवरणपत्र भरलं नाही तिच्या हात धुऊन मागे लागायचं.

वर्षातून एकदा चार पानं भरून द्यायची असतात. कंपनीचे सभासद कोण, संचालक कोण, कचेरी कुठे, वर्षाची सभा कधी झाली. यात अवघड असं काही नाही, पण लोकांच्या अगदी जिवावर येतं. मुदतबाईने बावीस वर्षांत सगळ्या सबबी ऐकल्या होत्या. संचालक आजारी, हिशेबनीस पळाला, कागद उंदरांनी खाल्ले. उंदरांनी खरंच एवढे कागद खाल्ले असते तर शहरातल्या मांजरांना घराबाहेर पडायची सोय राहिली नसती. ती कुणावर ओरडायची नाही. पहिलं पत्र, तीन महिन्यांनी दुसरं, मग लाल पट्टीचं शेवटचं. त्यालाही उत्तर आलं नाही की नोंदवहीतून नाव खोडायचं. नाव खोडलं की कंपनी संपली, आणि तिच्या मालकीचं जे काही असेल ते सरकारजमा.

गेल्याच महिन्यात एक बेकरीवाला तिच्या टेबलाशी येऊन रडला होता. दोन दिवस मागत होता, फक्त दोन दिवस. "तीन पत्रं पाठवली होती," ती म्हणाली, "एकाला तरी उत्तर द्यायचं." बेकरी गेली. सही तिने केली, पण त्या दिवशी तिला डबा गेला नाही, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तर अशी ही बाई. आणि एका सोमवारी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, छापखान्यातून खोडायच्या कंपन्यांची यादी तपासायला आली. इथे कार्यालयाची एक रीत सांगायला हवी. एरवी सगळं काम नंबरांवर चालायचं. प्रत्येक कंपनीला एक लांबलचक नंबर, एका पानावर साठ नंबर, पानाखाली मुदतबाईची सही. शेजारी कंपनीचं नाव नि पत्ता असे दिसायचे ते फक्त या शेवटच्या छापील यादीत. सातव्या पानावर एकोणिसाव्या ओळीत पत्ता आधी दिसला. हे तर आपल्या बाजूचं, असं वाटलं. मग दिसलं की रस्ता आपलाच. मग घराचा नंबर वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती तिच्याच इमारतीची कंपनी होती. चोवीस घरं, प्रत्येक घरमालक सभासद, आणि जिना, लिफ्ट, गच्ची, पाण्याची टाकी, अंगण हे सगळं कंपनीच्या मालकीचं. चार वर्षं विवरणपत्र नाही. पहिलं पत्र, दुसरं पत्र, लाल पट्टीचं पत्र, तिन्ही रीतसर गेलेली. आणि तिन्हींवर सही तिची. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपत होती.

ती उठली ती थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत. "सर, या यादीत माझं घर आहे. ही फाइल माझ्याकडे नको."

साहेबांनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला. माणूस भला होता. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," ते म्हणाले. "हे बघा, नंबर उचलून पुढच्या तिमाहीच्या यादीत टाकू. तीन महिने मिळतील. कुणाला कळणारही नाही."

मुदतबाईला क्षणभर मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगला पोटातून झाला. पण डोळ्यांपुढे तो बेकरीवाला उभा राहिला, पिठाचे हात घेऊन. "नको सर," ती म्हणाली. "कुणाला नाही कळलं तरी मला कळेल."

फाइल गेली चिमटासाहेबांकडे. हे खालच्या हॉलमध्ये काउंटरमागे बसत आणि आलेल्या अर्जातली चूक दोन बोटांत चिमटीने उचलावी तशी उचलून दाखवत. त्यांच्या हाताखालून पहिल्या फेरीत सुटलेला अर्ज अजून कुणी पाहिला नव्हता. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई जिन्याखाली मशीनवर होत्या. जिन्याखालच्या तिरप्या जागेत कंपनीने त्यांना बसू दिलं होतं, एकोणीस वर्षं झाली. एक मशीन, एक दिवा, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले कोट, पडदे, शाळेचे गणवेश. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा, सगळी इमारत त्यांच्याकडे. वय शहात्तर, गुडघे कामातून गेलेले, घर चौथ्या मजल्यावर. सकाळी लिफ्टने खाली यायच्या आणि संध्याकाळी लिफ्टने वर जायच्या, आणि मधले आठ तास त्या या इमारतीतल्या सर्वात सुखी बाई असायच्या. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात सासू आणि सून दोघीच.

लिफ्टचा परवाना कंपनीच्या नावावर. जिन्याखालची जागा कंपनीची. शुक्रवारी पाचला कंपनी गेली की शनिवारी लिफ्टला कुलूप लागणार आणि सासूबाई चौथ्या मजल्यावर कायमच्या कोंडल्या जाणार. मुदतबाईला हे घरी येईपर्यंत शंभर वेळा दिसून गेलं होतं. पण आधी ती गेली हेडसरांकडे.

हेडसर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक, कंपनीच्या दोन संचालकांपैकी एक. तिचं ऐकून त्यांनी शांतपणे कपाट उघडलं आणि दोऱ्याने नीट बांधलेला पाकिटांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"सर! हे उघडलं का नाहीत?"

"अहो, तुमच्याच कार्यालयाचं पाकीट, पाठवणार तुम्ही, आणि तुम्ही राहता माझ्या डोक्यावर," हेडसर म्हणाले. "मला वाटलं, काही महत्त्वाचं असेल तर जिन्यात सांगाल. साऱ्या इमारतीला हेच वाटत होतं. आपल्याकडे घरचीच साहेब आहे म्हटल्यावर काळजी कसली?"

मुदतबाई गठ्ठ्यातली पाकिटं एकेक करून उलटीसुलटी करत राहिली. तिला वाटत होतं, संचालक मुख्याध्यापक आहेत, आयुष्यभर हजेऱ्या घेतल्या, ते भरत असणारच. त्यांना वाटत होतं, ती बघत असणारच. चोवीस घरांनी मिळून एकमेकांच्या भरवशावर चार वर्षं घोरून काढली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले आणि आपण काय म्हणालो तेही सांगितलं, कारण लपवाछपवी तिला जमत नसे. सासूबाईंनी हातातली सुई उशीत खुपसली.

"तीन महिने देत होता तो?"

"हो आई."

"आणि तू नको म्हणालीस."

"आई, मी बाहेरच्या माणसाला दोन दिवस दिले नाहीत. घरच्याला तीन महिने कोणत्या तोंडाने देऊ?"

"तू सून आहेस की सरकार?" सासूबाई म्हणाल्या. "माझे पाय आहेत का जिना उतरायला? मरेपर्यंत खिडकीत बसवून ठेव मला." आणि त्यांनी अबोला धरला. सासूबाईंचा अबोला साधासुधा नव्हता. चहा मिळायचा, वेळेवर मिळायचा, पण कप टेबलावर असा ठेवायच्या की बशीने सगळं बोलून घ्यावं. मुदतबाई त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली. आपण बरोबर आहोत याची तिला शंभर टक्के खात्री होती आणि त्या खात्रीचा काडीचा उपयोग होत नव्हता.

आता करायचं काय होतं ते ऐका. विवरणपत्र भरायचं तर आधी सभा हवी. सभेला सात दिवस आधी नोटीस हवी. कंपनीच्या नियमावलीप्रमाणे चोवीसपैकी सोळा सभासद स्वतः हजर हवेत, नाहीतर कोरम नाही. आणि कागदांवर दोन्ही संचालकांच्या सह्या हव्यात. दुसऱ्या संचालक होत्या पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. हेडसर आणि डॉक्टरीणबाई यांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. चार वर्षांत दोघांनी एकमेकांना नमस्कारसुद्धा केला नव्हता.

भांडण लिफ्टवरून. तळमजला, पहिला आणि दुसरा म्हणजे खालचे. ते म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही वर्गणी देणार नाही. तिसरा, चौथा आणि पाचवा म्हणजे वरचे. ते म्हणाले, मग गच्चीवर कपडे वाळत घालायला यायचं नाही. पाचव्या मजल्यावरच्या गच्चीकाकांनी गच्चीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. तेव्हापासून खालचे खाली आणि वरचे वर. बारा इकडे, बारा तिकडे. कुठल्याच बाजूला सोळा नाहीत.

मंगळवारी सकाळी हेडसरांनी सुरेख अक्षरात चोवीस नोटिसा लिहायला घेतल्या आणि पहिल्याच ओळीला अडले. सभा कुठे? वरचे म्हणाले, पूर्वी गच्चीवर व्हायची, आताही गच्चीवरच. खालच्यांनी निरोप पाठवला, कपड्यांना बंदी असलेल्या गच्चीवर आम्हीही पाऊल ठेवणार नाही, सभा अंगणात घ्या. वरचे म्हणाले, अंगणात आम्ही उतरणार नाही. हेडसर डोक्याला हात लावून मुदतबाईच्या दारात उभे राहिले.

अर्ज भरून देणं तिला शक्य नव्हतं, फाइलपासून ती दूर झाली होती. पण नियमाचं पुस्तक उघडून दाखवणं हे कुठल्याही नागरिकाला फुकट मिळतं. "सर, सभा कंपनीच्या जागेत व्हावी, एवढंच लिहिलंय," ती म्हणाली. "खोलीत व्हावी असं कुठे लिहिलंय? जिना कंपनीचाच आहे."

हेडसरांचे डोळे चमकले. दुसरा आणि तिसरा मजला यांच्या मध्ये जिना वळतो, तिथे एक चौकोनी सपाट जागा आहे. खालून नऊ पायऱ्या, वरून नऊ पायऱ्या. वरच्यांना कुणाच्या दारात उतरायला नको, खालच्यांना कुणाच्या दारात चढायला नको. हेडसरांनी पायऱ्या दोनदा मोजल्या आणि नोटिशीत लिहिलं: बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, जिन्यात. त्याच दिवशी बारा वाजायच्या आत चोवीस दारांखालून चोवीस कागद सरकले होते.

ठिकाण मिळालं, पण लोक येणार कशावरून? पुढच्या सोमवारपर्यंत हेडसरांकडे जेमतेम सात जणांचे होकार जमले. डॉक्टरीणबाईंनी निरोप्याला दारातूनच सांगितलं, "जिना झाडायला आम्ही, आणि सभेला अध्यक्ष ते. जमायचं नाही."

मंगळवारी मुदतबाई कामावरून परतली तर जिन्याखालच्या दिव्यापाशी एक पुठ्ठा टांगलेला. त्यावर निळ्या खडूने सासूबाईंचं ठसठशीत अक्षर. "शिवायला टाकलेले सर्व कपडे बुधवारी संध्याकाळी सहा वाजता सभेच्या जागी मिळतील. इतर कुठेही, इतर कधीही मिळणार नाहीत. मुदत वाढवून मिळणार नाही." मशीनशेजारी कपड्यांचे गठ्ठे बांधून तयार होते. तळमजल्यावरच्या दोघा भावांचे मुलाखतीचे कोट, गच्चीकाकांची एकुलती एक गरम पँट, डॉक्टरीणबाईंचे चार पांढरे डगले, एकूण एकोणीस घरांचं काही ना काही. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलंही नाही. सूनही तशीच लिफ्टमध्ये शिरली. पण लिफ्टचं दार बंद झालं आणि ती एकटीच मोठमोठ्याने हसली. एवढी कडक नोटीस तिने स्वतः बावीस वर्षांत काढली नव्हती.

बुधवारी पावणेसहालाच जिना भरू लागला. वरचे वरच्या पायऱ्यांवर, खालचे खालच्या पायऱ्यांवर, आणि मधल्या चौकात खुर्चीवर हेडसर, मांडीवर हजेरी. कुणी स्टूल आणलं होतं, कुणी उशी. कपड्यांचे गठ्ठे हेडसरांच्या पायाशी. बरोबर सहाला त्यांनी हजेरी सुरू केली, अगदी शाळेतल्यासारखी, आणि पांढऱ्या केसांची माणसं "हजर" म्हणू लागली. वरचे नऊ. खालचे सहा. पंधरा.

"एक कमी," हेडसर म्हणाले. सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, सभेपासून चार पायऱ्या खाली, कमरेवर हात ठेवून डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"मी सभेला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "मी माझे डगले न्यायला आलेय. आणि या सभेला माझा आक्षेप आहे, तेवढा लिहून घ्या."

हेडसरांचा हात थांबला. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. मुदतबाई चौथ्या मजल्यावरून वाकून पाहत होती. घर सासूबाईंच्या नावावर, त्यामुळे ती सभासदही नव्हती, नुसती बघणारी. पण तिच्याने राहवेना. "डॉक्टरीणबाई," ती वरून म्हणाली, "गैरहजर माणसाचा आक्षेप लिहिता येत नाही. कायदाच आहे तसा. आक्षेप नोंदवायचा तर आधी हजेरी लावावी लागते."

जिन्यात हशा पिकला. डॉक्टरीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे मी हजर म्हणायचं, तुमचा कोरम करून द्यायचा आणि मग आक्षेप घ्यायचा? फार हुशार आहात! आणि शनिवारी गच्चीला कुलूप तसंच! चार वर्षं माझी दोरी घरात आहे, चार वर्षं माझ्या घरात ओल्या कपड्यांचा वास आहे. आज लिफ्ट जाणार म्हणून आम्ही आठवलो का?"

वरच्या पायऱ्यांवर एकदम शांतता झाली. कारण ते खरं होतं. आणि त्या शांततेत वरून टक टक असा आवाज येऊ लागला.

सासूबाई. लिफ्टने तिसऱ्यापर्यंत आल्या होत्या, हजेरीला तिथूनच "हजर" म्हणाल्या होत्या, आणि आता उरलेल्या नऊ पायऱ्या उतरत होत्या. काठी पायरीवर, मग एक पाय, मग कठडा धरून दुसरा. कुणी हात पुढे केला की झटकून टाकत होत्या. तिसऱ्या पायरीला त्यांच्या कपाळावर घाम आला. पाचव्या पायरीला त्या बसल्या, आणि मग बसूनच, लहान मूल उतरतं तशा, एकेक पायरी खाली सरकू लागल्या. मुदतबाईचा जीव तुटत होता. पण धावून जायची तिची छाती झाली नाही, नऊ दिवसांचा अबोला मध्ये उभा होता.

"डॉक्टरीणबाई," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. आमचं चुकलं. पण मला भांडायचं असेल तर तुमच्यापर्यंत यायला या नऊ पायऱ्या आहेत. आणि शनिवारपासून हे असं. रोज. भांडायला तरी लिफ्ट राहू द्या."

डॉक्टरीणबाई चार पायऱ्या कधी चढल्या ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी सासूबाईंना काखेत हात घालून उचललं आणि हेडसरांच्या खुर्चीवर बसवलं. हेडसर केव्हाच उठून उभे राहिले होते. मग त्या गच्चीकाकांकडे वळल्या आणि हात पसरला. गच्चीकाकांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा हेडसरांकडे, एकदा आपल्या गरम पँटच्या गठ्ठ्याकडे. आणि गळ्यातली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"हजर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जिन्यात एवढ्या टाळ्या झाल्या की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. सभा तासभर चालली. गच्ची सगळ्यांची, लिफ्ट सगळ्यांची, दंड चोवीस घरांत सारखा वाटून, सगळं एकमताने. मग तळमजल्यावरच्या धाकट्या भावाने ठराव मांडला की तिसरी संचालक हवी, आणि एवढ्या लोकांना एका वेळी एका जागी आणणारी बाई इमारतीत एकच आहे. सासूबाई नको नको म्हणत असताना सोळा हात वर झाले. त्यातला एक त्यांचा स्वतःचाच होता, हे नंतर लक्षात आलं. कपडे वाटप सर्वात शेवटी.

गुरुवारी हेडसर आणि डॉक्टरीणबाई एका टेबलावर बसून दिवसभर भांडत चार वर्षांची चार विवरणपत्रं भरत होते. शुक्रवारी तीन वाजता दोघं कार्यालयाच्या काउंटरवर हजर.

नोंदणी कार्यालयाचा खालचा हॉल मधून मोकळा आहे, वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून सगळा दिसतो. मुदतबाई कठड्याशी उभी होती. खाली जायचं नाही हे तिने स्वतःला बजावलं होतं आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता. खाली चिमटासाहेबांनी पहिलं पान उजेडात धरलं.

"सभेचं ठिकाण जिना?"

"जिना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कंपनीचाच आहे. खोलीतच सभा घ्यावी असा नियम आहे का तुमच्याकडे?"

चिमटासाहेबांनी पुस्तक चाळलं. नव्हता. पुढचं पान. त्याच्या पुढचं. चार वाजले. सव्वाचार. तिसऱ्या संचासाठी त्यांनी नवीन पेन्सिल काढली, आणि मुदतबाईने कठडा आणखी घट्ट धरला, कारण ती त्यांना ओळखत होती. चार वाजून वीस मिनिटांनी दोन बोटं थांबली.

"संचालक तीन लिहिलेत. नव्या संचालकाचं संमतीपत्र नाही. स्वतःच्या सहीचं लागतं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाचला काउंटर बंद होतो."

हेडसर पांढरेफटक पडले. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे इमारतीत फोन लावला. वर मुदतबाई मनात हिशेब करत होती: लिफ्ट, अंगण, रस्ता, शुक्रवारची गर्दी. ती स्वतः धावत घरी गेली असती तरी सासूबाईंना घेऊन पाचच्या आत परत पोचली नसती. चाळीस मिनिटं तिने आयुष्यात एवढी लांब कधी पाहिली नव्हती. साडेचार. पावणेपाच. चिमटासाहेबांनी शिक्का पुसून पेटीत ठेवला.

पाचला दहा कमी असताना हॉलचं दार उघडलं. गच्चीकाका पुढे, घामाघूम, कारण गाडी त्यांनीच हाकली होती. त्यांच्या मागे तळमजल्यावरचे दोघे भाऊ, नव्याने सैल केलेल्या कोटांत, आणि दोघांच्या हातांच्या पाळण्यात बसून सासूबाई. गळ्यात मोजपट्टी तशीच, ब्लाउजला टोचलेल्या टाचण्या तशाच. त्यांना काउंटरसमोर टेकवलं. त्यांनी कागद वाचला. सगळा वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, हेडसर घायकुतीला येऊन घड्याळ दाखवत होते तरी वाचला, आणि मग सही केली.

चिमटासाहेबांनी सही उजेडात धरली. पान उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्या हॉलमध्ये हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. शिक्का चार वेळा पडला. चार वाजून छप्पन्न मिनिटं. हेडसर आणि डॉक्टरीणबाई एकमेकांच्या गळ्यात पडले, मग भानावर येऊन झटक्याने बाजूला झाले.

मुदतबाईचे डोळे भरून आले होते. तिला खाली काही नीट दिसत नव्हतं. त्यामुळे सासूबाईंनी मान वर करून कठड्याकडे पाहिलं ते तिला आधी कळलंच नाही. आवाज मात्र ओळखला. अकरा दिवसांनी तो पहिल्यांदा तिच्याशी बोलत होता, आणि सगळा हॉल ऐकत होता.

"अगं सूनबाई! आता मीही संचालक झाले. पुढच्या वर्षी तारीख चुकली तर पत्र माझ्या नावाने येईल ना?"

"हो आई!"

"सही तुझी असेल?"

"माझीच असेल!"

"मग ऐक. मी रडले, भांडले, अबोला धरला, काही केलं, तरी मला सोडू नकोस."

मुदतबाईने डोळे पुसले, कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कार्यालयात ओरडली.

"नाही सोडणार!"